कनेक्टिंग… आणि पुढे नुसते ठिपके

“मावशी, बोर्ड मेला.”

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी भाच्याने दारातूनच बातमी दिली. हातात कामट्यांचा आकाशकंदील, आत रंगीत एलईडींची पट्टी आणि तारांच्या गुंत्यात अडकलेला एक ईएसपी३२.

मी मायक्रोकंट्रोलर शिकवते आणि दुरुस्तही करते, त्यामुळे ‘मेला’ हा शब्द माझ्या कानांना रोजचाच. पण फर्मवेअर चढवताना हे बोर्ड सहसा मरत नाहीत. ईएसपी३२मध्ये अगदी सुरुवातीला चालणारा प्रोग्राम चिपच्या रॉममध्ये कारखान्यातच कोरलेला असतो. तुम्ही कितीही भिकार कोड चढवा, तो पुसला जात नाही. फ्लॅश कोरी झाली तरी चिप ‘पाठवा पुढचं’ म्हणायला तयार असते. तेव्हा सुतक नंतर, आधी केबल.

मोबाइलच्या काही स्वस्त केबलींमध्ये वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच. बोर्डावरचा दिवा झोकात लागतो आणि माणूस फसतो. मी स्वतः अशा एका केबलपायी अख्खी संध्याकाळ ड्रायव्हर काढण्या-घालण्यात घालवली आहे. आता तिच्या टोकाला लाल नेलपॉलिश लावून ठेवलंय. परीक्षा सोपी: केबल जोडल्यावर पोर्टच्या यादीत नवं नाव येतं का, एवढंच बघायचं.

नाव येतं, पण ‘कनेक्टिंग’पुढे ठिपके सरकत राहतात, असं झालं तर बोर्डावरचं ‘बूट’ लिहिलेलं बटण दाबून धरा आणि लिहिणं सुरू झालं की सोडा. रीसेटच्या क्षणी शून्य क्रमांकाची पिन खाली, म्हणजे ग्राउंडला असेल तरच चिप नवं फर्मवेअर ऐकायला बसते. बोर्डावरचे दोन ट्रान्झिस्टर हे आपोआप करतात, पण कधीकधी त्यांची वेळ चुकते. अर्डुइनो नॅनोची तऱ्हा वेगळी. तिथला जुना बूटलोडर ५७,६०० च्या वेगाने बोलतो, नवा १,१५,२०० च्या. मेनूत चुकीचा निवडलात की ‘नॉट इन सिंक’चा पाढा सुरू. पिन ० आणि १ वर ब्लूटूथ मॉड्यूल तसंच जोडलेलं असलं तरी तोच पाढा.

भाच्याचं दुखणं मात्र यातलं नव्हतं. केबल ठणठणीत, ठिपकेही दोनच. चिपने आपलं नाव सांगितलं, लिहिणं शंभर टक्क्यांपर्यंत गेलं आणि शेवटी एमडीफाइव्ह जुळत नसल्याची तक्रार आली. म्हणजे पाठवलं एक, फ्लॅशमध्ये सापडलं भलतंच. रीसेट केला तर पडद्यावर ‘फ्लॅश रीड एरर, १०००’ची रांग.

“फ्लॅशच गेली ना?”

“थांब. कधीच चालत नाही का?”

“रंग बदलायचं बटण दाबून धरून प्लग लावला की चालतो कधीकधी. पण तो योगायोग असेल गं.”

योगायोग कसला! मी चालू होतानाची पहिली ओळ वाचली. एरवी ‘बूट’पुढे शून्य-एक्स-१३ दिसतं, इथे ३३ होतं. तो वाढलेला आकडा पिन १२ ची चुगली करतो. ही पिन चालू होण्याच्या क्षणी वर, म्हणजे ३.३ व्होल्टला असेल, तर चिप समजते की आपल्या शेजारची फ्लॅश १.८ व्होल्टची आहे, आणि तिला तेवढीच वीज देते. भाच्याच्या मॉड्यूलवरची फ्लॅश ३.३ ची. अर्धपोटी ती काय लिहिणार आणि काय वाचणार? त्याने बटण नेमकं १२ वर घेतलं होतं आणि पुस्तकी शिस्तीने १० किलोओहमचा रोध ३.३ ला जोडला होता. बटण दाबलं की पिन खाली यायची आणि बोर्ड शहाण्यासारखा उठायचा.

यावर चिपमधला ई-फ्यूज कायमचा जाळून व्होल्टेज पक्कं करण्याचाही उपाय आहे. पण ते जाळलेलं परत येत नाही. एका बटणापायी तो उद्योग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही १२ वरची तार उपटून २७ वर डाग दिला, कोडमधला एक आकडा बदलला. पहिल्याच फटक्यात फर्मवेअर चढलं.

बोर्ड चालत नसला की लोक एकाच दमात केबल, कोड, पोर्ट सगळं बदलतात. मग चालू झाला तरी कशाने झाला ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आधी सगळ्या बाहेरच्या तारा सोडवा. भाच्याने त्या सोडवल्या असत्या, तर अर्ध्या तासात उत्तर त्याच्याच हाती लागलं असतं.

आणि माझ्याकडे ‘मेलेला’ बोर्ड घेऊन याल तेव्हा कृपा करून तुमची केबलही सोबत आणा.