हार घातले, हिशोब राहिला

आमच्या उरण-पनवेल पट्ट्यात जानेवारी महिना दोन गोष्टींचा. आधी संक्रांतीचा तिळगूळ, आणि लगेच सोळा-सतरा तारखेला हुतात्म्यांना अभिवादन. जासईला एक दिवस, पागोट्याला दुसरा. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवायची ठरली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची शेतं, मिठागरं, खाजण सिडकोसाठी घ्यायचं ठरलं. न्हावा पनवेल तालुक्यातलं, शेवा उरणमधलं. बंदराने दोघांची नावं जोडली आणि ती जगाच्या नकाशावर गेली. पण बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, त्याच्या पाच वर्षं आधी जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन झालं. १६ जानेवारी १९८४ ला दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघर फाट्यावर पोलिसांनी गोळीबार केला. दोन दिवसांत पाच माणसं गेली. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, तिच्या मुळाशी हे रक्त आहे असं आमच्याकडे मानतात, आणि ते खरंच आहे.

परवा अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, हे सगळं ऐकलंय. पण गोळी झाडा असं कुणी सांगितलं, ते कधी कुणी विचारलं का?"

मी गप्प झालो. इतकी वर्षं मी त्या सभांना जातोय. भाषणांत साडेबारा टक्के येतात, दिबा येतात, गरजेपोटी बांधलेली घरं येतात, हल्ली विमानतळाचं नावही येतं. भाच्याचा प्रश्न मात्र एकाही भाषणात ऐकल्याचं मला आठवत नाही. आपण हुतात्मा म्हटलं की हात जोडतो. हात जोडले की प्रश्न विचारायला हात मोकळे राहत नाहीत.

खरं तर त्या प्रश्नाला उत्तर असतंच. बेकायदा जमाव पांगवायचा आदेश ऐरागैरा देऊ शकत नाही. कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी, आणि तो नसेल तर निदान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. हे तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ मध्ये होतं, आता १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे. म्हणजे प्रत्येक आदेशामागे एक नाव असतं, एक हुद्दा असतो. पण त्याच कायद्यात पुढे असंही आहे, की अशा कारवाईबद्दल अधिकाऱ्यावर खटला भरायचा तर सरकारची परवानगी लागते. नाव आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायची वाट सरकारच्या अंगणातून जाते.

शाळेत मारामारी झाली की मी दोन्ही पोरांना वेगवेगळ्या बाकावर बसवून कागद द्यायचो. कधी, कुठे, कोण, आधी काय झालं, लिही. तासाभरात लिहिलेलं आणि आठवड्याने सांगितलेलं यांत जमीन-अस्मानाचा फरक पडायचा. आणि मॉनिटरवरच तक्रार असेल तर चौकशी मॉनिटरकडे द्यायची नाही, हे तर पाचवीच्या पोरालाही कळतं.

१९८४ मध्ये आमच्या माणसांना असं तिसरं दार नव्हतं. मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ चा. आपल्या राज्याचा मानवी हक्क आयोग २००१ मध्ये आला. आज कुणीही साध्या मराठीत अर्ज करू शकतो, फी नाही, वकील लागत नाही. पेपरातली बातमी वाचून आयोग स्वतःहूनही दखल घेऊ शकतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं, म्हणून २०१४ मध्ये कायदा बदलून राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरणही आलं.

दार आहे, पण उंबरा उंच आहे. घटनेला वर्ष उलटलं की मानवी हक्क आयोगाला चौकशी करता येत नाही. आयोगाच्या हाताखालचे तपास अधिकारी पोलीस दलातूनच येतात. आणि शेवटी कायद्यातला शब्द आहे 'शिफारस'. भरपाई द्या, खटला भरा, अशी शिफारस. मुख्याध्यापकांनी शेरा लिहावा आणि संस्थाचालकांनी तो वाचावा किंवा न वाचावा, तसं.

मग सरकार एखाद्या न्यायाधीशांचा चौकशी आयोग नेमतं. त्याचेही दोन अनुभव. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. दाणी आयोगाने कुणालाच दोषी धरलं नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात दहा माणसं मेली. तिथे गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली. बारा वर्षं लागली, पण 'कुणी' या प्रश्नाला निदान एका कोर्टात उत्तर मिळालं.

पोलिसांबद्दल आकस म्हणून हे लिहीत नाही. माझे कितीतरी विद्यार्थी पोलिसात आहेत. बारा बारा तास उन्हात उभं राहून दगड खाणारा शिपाई मी पाहिलाय. नीट वागलेल्या अधिकाऱ्यालाही नोंदच वाचवते. नोंद नसली की सगळेच सारखे दोषी, नाहीतर सगळेच सारखे निर्दोष.

२४ जून २०२१ ला विमानतळाला दिबांचं नाव द्यावं म्हणून बेलापूरच्या सिडको भवनावर हजारो माणसं गेली. शांततेत गेली, शांततेत परतली. पोलिसांनी आणि आंदोलकांनी दोघांनीही संयम ठेवला. तेव्हा बहुतेकांच्या हातात कॅमेऱ्याचा मोबाईल होता, त्याचाही थोडा वाटा असावा असं मला वाटतं.

तेव्हा मोर्चाला जाणाऱ्या पोरांना माझं सांगणं एवढंच. झेंड्याबरोबर वहीही न्या. वेळ लिहा, जागा लिहा, इशारा दिला की नाही ते लिहा, दवाखान्याचा कागद जपा, आणि वर्ष संपायच्या आत अर्ज करा.

आणि नातेवाईक मंडळींनो, तुमच्यासाठी वेगळा गृहपाठ. १९८४ च्या त्या दोन दिवशी फाट्यावर असलेली माणसं आता माझ्याच वयाची, नाहीतर माझ्याहून थकलेली आहेत. अर्जाची मुदत केव्हाच गेली, पण सांगण्याची मुदत अजून आहे. घरात कुणी असेल तर जवळ बसा, विचारा, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या आणि खाली तारीख घाला. शुद्धलेखन मी तपासून देईन.