हय बसतलो कोण?

परवा पुण्याहून धाकटी बहीण आली होती. निघायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "दादा, चितार आळीत जाऊन येऊ. नातीला भातुकली न्यायचीय." गेलो. तिने भातुकली घेतली, लाकडी फळांची एक परडी घेतली, दुकानदाराशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीसही केली. बाहेर आल्यावर मात्र जरा थांबली आणि म्हणाली, "काय रे, पूर्वी या आळीत शिरलं की लेथची घरघर ऐकू यायची ना?"

ती दुसऱ्या दिवशी गाडीत बसून गेली, प्रश्न माझ्याकडे ठेवून. म्हणून आज हे लिहायला बसलो.

ज्यांनी सावंतवाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चितार आळी म्हणजे आमच्या बाजारपेठेतली लाकडी खेळण्यांची गल्ली. आंबा, फणस, केळी, सीताफळ अशी हुबेहूब फळं, बैलगाड्या, भोवरे, रंगीत पाट, देव्हारे. पुढे दुकान, मागे घर आणि मधल्या पडवीत काम, अशी जुनी पद्धत. आम्ही लहानपणी शाळेतून येताना तासन्तास उभे राहायचो. लाकूड गरगर फिरतंय, त्यावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने ती वितळून लाल पट्टा उमटतोय... पायात चपला नसायच्या, पण हलवत नसे तिथून.

आमच्या गावाने एक कला मरता मरता वाचवलेलीही आहे. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी १२, म्हणजे १२० पत्ते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम येणारे पुंडलिक चितारी अगदी वृद्ध झाले होते. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ते शिकून घेतलं, राजवाड्यातच कलाकारांना बसायला जागा आणि रोजचं काम दिलं. आज राजवाड्यात गेलात तर पत्ते रंगवणारे हात दिसतात, ते त्यामुळे.

तर निवृत्तीनंतर आम्हा पाच-सहा रिकाम्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात आलं की आळीसाठीही काहीतरी करावं. कारणं आम्हाला पाठ होती. महामार्ग झाराप-पत्रादेवी असा शहराबाहेरून गेला, गोव्याची गाडी आता गावात शिरत नाही. रेल्वे स्टेशन मळगावला. हलका, मऊ पांगारा पूर्वीसारखा मिळत नाही. प्लास्टिकची खेळणी स्वस्त. उपायही आम्हीच ठरवला. शनिवारी संध्याकाळी आळीत वाहनं बंद, कंदील लावायचे, कारागिरांनी बाहेर बसून काम करायचं, मुलांनी फळं रंगवायची, शेवटी तासभर दशावतार.

पहिल्या शनिवारी काय गर्दी! सगळ्यांनी फोटो काढले. रात्री हिशेब विचारला तर एका कारागिराचे दोन भोवरे आणि एक किचेन विकलं गेलं होतं. दुसऱ्या शनिवारी किराणा दुकानदार भांडायला आले, टेम्पो कुठे लावायचा म्हणून. त्यांचंही खोटं नव्हतं. तिसऱ्या शनिवारी पाऊस आला. चौथा झालाच नाही.

कंदील परत द्यायला मी एका जुन्या कारागिराच्या घरी गेलो. त्यांचं वय माझ्याहून चार वर्षांनी जास्त. ते पाटाला रंग देत होते. मान वर न करता म्हणाले, "गुरुजी, दिवे लावन काय होवचा नाय. हय बसतलो कोण, ता आधी सांगा."

मी म्हटलं, "तुमचा मुलगा?"

तेव्हा त्यांनी ब्रश खाली ठेवला. "तुमीच तेका सांगितलात ना, शिकान मोठो हो म्हणान?"

खरं होतं. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. हात असा की खडूचा ससा करायचा, वर्गात कुणाला कळायच्या आत. मराठीत काठावर पास. दहावीच्या वर्षी मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "अभ्यास कर रे, नाहीतर जन्मभर लाकूड तासत बसशील." वर्ग हसला होता. तो शिकला. आज गोव्यात एका कारखान्यात कामाला आहे, पगार नियमित आहे, चतुर्थीला घरी येतो. माझ्या यशस्वी विद्यार्थ्यांत मी त्याचं नाव मोजत आलो.

असं मी किती जणांना म्हणालो असेन? तीस-बत्तीस वर्षं शिकवलं. महामार्ग, प्लास्टिक, पांगारा ही सगळी कारणं खरी आहेत, पण माझ्या यादीत मी नव्हतो.

२०२४ साली आमच्या गंजिफांना आणि लाकडी कलावस्तूंना भौगोलिक मानांकन मिळालं. पेढे वाटले. आनंद झालाच. पण कागदावर सावंतवाडीचं नाव पक्कं झालं म्हणून पडवीतल्या रिकाम्या पाटावर कुणी येऊन बसत नाही. राजवाड्यात जे जमलं त्याचं कारण मला आता उमगतं. तिथे शिकणाऱ्याला रोजचं काम होतं.

मग आम्ही कंदिलांचा नाद सोडला. पाच जणांच्या पेन्शनीतून दरमहा थोडे पैसे काढून शिकाऊ मुलाला पहिल्या दिवसापासून द्यायचे ठरवले. पहिला मुलगा चार महिने आला आणि मोबाइलच्या दुकानात लागला. त्याला दोष देत नाही, तिथे जास्त मिळतात. आता एक मुलगी येते, बारावी झालेली. रंगकाम घरातल्या बायका करतच आल्या, पण लेथवर बसलेली मुलगी मी तरी पहिल्यांदा पाहिली. सुरुवातीला काका कुरकुरले. आता तिने केलेला भोवरा स्वतः फिरवून बघतात.

गेल्या आठवड्यात तिने मला विचारलं, "गुरुजी, हाच करू की कॉलेजाक जाव?"

तीस वर्षांपूर्वी मला उत्तर द्यायला क्षणही लागला नव्हता. या वेळी मी बराच वेळ गप्प बसलो. शेवटी म्हटलं, "सकाळी कॉलेज, दुपारी लेथ. वर्षभर दोन्ही कर, मग तूच मला सांग." हे बरोबर की पळवाट, कोण जाणे.

असो. बहिणीला फोन करून सांगितलं आहे, पुढच्या वेळी दुपारी आळीत जाऊ. एका घरातून घरघर ऐकू येते. आणि हो, घासाघीस करायची नाही.