मुठीचं माप

स्वीडनमधल्या मोरा गावाहून लोक परतताना लाकडी घोडे घेऊन येतात. शेजारच्या नुस्नेसमध्ये ते कोरले आणि रंगवले जातात, तांबडेलाल, पाठीवर फुलाफुलांचं खोगीर. मी तिथं गेले ती पाती आणायला. नुसती पाती, ना मूठ ना म्यान. मोराच्या ओस्टनूर वाडीत चाकूंचा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा. तिथल्या फ्रॉस्त कारखान्याची सुरुवात १८९१ची. सुटी पाती आजही मिळतात, कारण मूठ आपल्या हातानं घालणारे हौशी लोक या देशात पुष्कळ आहेत.

मी मूळची वरुडची, राहते लुडविकात. मोरापासून शंभरेक किलोमीटरवर. उच्चदाबाची वीज डी.सी. स्वरूपात लांबवर न्यायची यंत्रसामग्री या गावात बनते, म्हणून एवढ्याशा गावात भारतीय अभियंते बरेच. डिसेंबरात दुपारी तीनलाच अंधारून येतं आणि उरलेल्या दिवसाचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. स्वीडिश लोकांनी तो संध्याकाळच्या वर्गांनी सोडवलाय. कोणी गातं, कोणी विणतं. मी चाकूच्या वर्गाला नाव घातलं.

वर्गात करायचा तो चाकू दिसायला अगदी साधा. पातं १० सेंटिमीटरच्या आसपास, मधे कठीण पोलाद आणि दोन्ही अंगांनी मऊ लोखंड. धारेला एकच रुंद उतार असतो. तो अख्खा दगडावर टेकवून घासला की धार लागते, कोन सांभाळत बसावं लागत नाही. बोट पुढं घसरू नये म्हणून आडवी पट्टी नाही. म्यानाला बटण नाही की बंद नाही. सगळी भिस्त मापावर. पात्याची निमुळती शेपटी पितळेत नेमकी बसली पाहिजे, मूठ तळव्यात आणि मूठच पुन्हा म्यानात. यातलं एक जरी ढिलं राहिलं तरी चाकू धोक्याचा.

शिकवणारे गृहस्थ निवृत्त हस्तकला शिक्षक होते. इथं लहानथोर सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला माझ्या तोंडून ते निघेना, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना मास्तर करून टाकलं. हस्तकला, म्हणजे स्लॉइड, हा इथल्या शाळांत सक्तीचा विषय आहे. एकोणिसाव्या शतकात ऑटो सॅलोमन यांनी नेस इथं त्याचे शिक्षक घडवायची शाळा काढली आणि मुलांच्या हाती द्यायच्या हत्यारांत चाकूला मानाचं स्थान दिलं. मास्तर त्याच परंपरेतले. बोलायचे कमी, हातातलं काम काढून घ्यायचे जास्त.

पहिलं काम पितळेच्या तुकड्याचं. मूठ आणि पातं यांच्या मधे तो बसतो. त्यात शेपटीच्या मापाची चीर पाडायची. एका रांगेत तीन बारीक भोकं ड्रिल करायची, मधल्या भिंती कानशीनं उडवायच्या आणि मग खरी गंमत सुरू. शेपटीला काळं मार्कर फासायचं, पितळ तिच्यावर सरकवायचं, अडेल तिथं थांबायचं आणि बाहेर काढून बघायचं. जिथं काळा डाग उमटलाय तेवढंच घासायचं, दोन हात कानस, जास्त नाही. परत मार्कर, परत सरकवणं. शेवटी दिव्यासमोर धरून बघायचं की फटीतून उजेड येतो का. मी दिवसभर ज्या यंत्रांच्या चाचण्या घेते त्यांना आकड्यात मर्यादा घालून दिलेल्या असतात. इथं मर्यादा एकच, उजेड दिसता कामा नये. मला ही कसोटी आमच्या कंपनीतल्या बऱ्याच कसोट्यांपेक्षा कडक वाटली.

वरुडला लोहार खुरप्याची शेपटी लाल करून बाभळीच्या दांड्यात ठोकतो. लाकूड जळत जळत स्वतःच जागा करून देतं. तोंडाशी वसवी बसवली की झालं. हे मास्तरांना सांगितलं तर ते खूश झाले. इथले जुने शेतकरीही तसंच करायचे म्हणे, पण मुठीत पितळ आणि साल आली की तापवून चालत नाही.

साल म्हणजे बर्चची. या कलेतलं मला सगळ्यात आवडलेलं प्रकरण हेच. बर्चची बाहेरची साल कागदासारखी थरांची, तेलकट, पाणी न शोषणारी. जुन्या घरांच्या छपरांवर गवताच्या ढेपांखाली हीच अंथरत, पाणी गळू नये म्हणून. ती काढायचा हंगाम जूनअखेरच्या आसपासचा, झाडात रस चढलेला असतो तेव्हाचा. जंगलात कोणीही हिंडावं, बेरी तोडावी, अळंबी गोळा करावी अशी मोकळीक स्वीडनमध्ये आहे. उभ्या झाडाची साल काढायची मात्र नाही, त्याला मालकाची परवानगी लागते. मास्तरांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची बर्चं तोडणीला आली होती, तिथं आम्ही गेलो. खोडावर चाकूनं उभी रेघ ओढायची, फक्त वरच्या थरापुरती. साल स्वतःच चर्रर करत उकलते आणि खाली ओलसर पिवळट आतली साल दिसते. डास इतके की कौतुक करायला फार वेळ उभं राहवत नाही.

ही साल दडपून सपाट करायची, तिचे चौकोनी तुकडे कापायचे, प्रत्येकाच्या मधोमध चीर पाडायची आणि पात्याच्या शेपटीत एकावर एक ओवत जायचं. ओवून झाले की शिकंज्यात आवळायचे. हातभर वाटणारी चळत बघता बघता मुठीएवढी होते. मागच्या टोकाला पितळेची चकती घालून शेपटीचा शेंडा हातोडीनं चेपला की सगळं कायमचं जखडलं. मग चाकूनंच ती चळत तासायची. अशी मूठ ओल्या हातातून सटकत नाही आणि उणे वीसमध्येही धातूसारखी डसत नाही.

वर्गातल्या काहींनी रेनडिअरचं शिंग आणि मासुर बर्च वापरलं. मासुर म्हणजे आत तपकिरी ज्वाळांसारखी नक्षी असलेलं बर्चचंच लाकूड. ते दिसतं देखणं, पण शिंगाचं काम मला झेपलं नाही. करवतीखाली त्याला दाताच्या दवाखान्यातला वास सुटतो, तोंडाला मास्क लावूनही तो डोक्यातून जात नाही.

मुठीचा आकार ठरवताना मास्तर डोळे मिटायला लावायचे. छेद अंड्यासारखा असावा, धारेच्या बाजूला निमुळता, म्हणजे अंधारातही धार कुठं आहे ते हाताला कळतं. पोटाशी जरा फुगवटा. तळव्यात टोचेल तिथं पेन्सिलीनं खूण करून तेवढंच उतरवायचं. लाकडी मुठींना शेवटी जवसाचं तेल लावतात. तेलाची फडकी बोळा करून टाकायची नाहीत, पसरून वाळवायची नाहीतर पाण्यात बुडवायची, ती आपोआप पेट घेतात. वर्गातली ही एकच सूचना भिंतीवर लिहून लावलेली होती.

म्यान मी अवघड समजत नव्हते. प्रत्यक्षात अर्धा वर्ग त्यातच गेला. आत दोन पातळ लाकडी फाकी असतात, पात्याच्या आकारात कोरून चिकटवलेल्या, म्हणजे टोक चामड्यातून बाहेर येत नाही. वर चामडं, झाडाच्या सालीच्या अर्कात कमावलेलं. क्रोमच्या चामड्याला ओलं करून दिलेला आकार टिकत नाही. आमचं चामडं उपलांडमधल्या टार्नशोचं होतं. १८७३ पासून तिथं याच पद्धतीनं कातडी कमावतात. कोल्हापुरी चपलेचं चामडंही याच जातीचं, तिथं बाभळीची साल आणि हिरडा.

चामडं कोमट पाण्यात बुडवायचं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. चाकू स्वयंपाकघरातल्या पातळ प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचा, कारण ओल्या चामड्याला लोखंड लागलं की शाईसारखे काळे डाग पडतात. हिरड्याच्या पाण्यात खिळा पडला की होतं तेच. मग चाकूवर चामडं ओढून मागच्या बाजूनं शिवायचं. आरीनं भोक, मेण लावलेला तागाचा दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, एकाच भोकातून समोरासमोर. एखादा टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही. शिवून झालं की हाडाच्या पट्टीनं दाबत दाबत मुठीचा फुगवटा चामड्यावर उठवायचा. निम्मी मूठ म्यानात जाते आणि या उठावाशीच अडकून राहते, म्हणून तर बटण लागत नाही. वाळवायचं हीटरपासून लांब. वाळलेल्या म्यानात चाकू दाबला की ‘टक्‌’ होतं आणि तो उलटा धरून झटकला तरी पडत नाही.

शिवताना एक गोष्ट मनातून जात नव्हती. माझ्या एका बाजूला परिचारिका बसायची, दुसऱ्या बाजूला बँकेतून निवृत्त झालेले एक जण, आणि ओलं चामडं मांडीवर घेऊन आम्ही तिघं कॉफी पीत होतो. आपल्याकडे हेच काम एका समाजाच्या माथी मारलं आणि वर त्यालाच शिवायचं नाही म्हटलं. स्वीडनमध्येही मेलेला घोडा सोलणाऱ्यांना लोक पंक्तीला बसू देत नसत, मास्तरांनीच सांगितलं. ती अस्पृश्यता इथं संपली म्हणून हे काम आज हौसेचं होऊ शकलं. हौस म्हणून चामडं शिवायला कुठल्याही माणसाच्या पाठीशी आधी एवढी निर्धास्ती लागते.

उत्तरेकडच्या सामी लोकांचे चाकू या सगळ्यांच्या पुढचे. शिंगाचीच म्यानं, त्यांवर सुईनं काढावी तशी बारीक नक्षी. फेब्रुवारीत, १६०५ पासून भरणाऱ्या योकमोकच्या जत्रेत, मी ते काचेला नाक लावून पाहिले. वर्गात कोणीतरी ती नक्षी उतरवायला घेतली तेव्हा मास्तरांनी थांबवलं. तंत्र शिका, नक्षी त्यांची आहे, एवढंच म्हणाले. मला पटलं.

तयार चाकू कमरेला लावून बसनं घरी जाता येत नाही. १९८८च्या कायद्यानं सार्वजनिक ठिकाणी विनाकारण चाकू बाळगायला बंदी आहे. शाळेत पोराच्या हातात चाकू द्यायचा आणि रस्त्यावर मोठ्याला मनाई, हे मला आधी विसंगत वाटलं होतं. आता नाही वाटत. चाकू कामासोबत असावा, इतकाच त्याचा अर्थ.

दुसरा चाकू मी बाबांसाठी केला. भावानं कागदावर त्यांच्या पंजाची बाह्यरेषा काढून, शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो पाठवला. बाबा डावरे. त्यामुळं पट्ट्यात अडकवायचा फास दुसऱ्या अंगाला घ्यावा लागला. सामानाच्या बॅगेत घालून तो वरुडला नेला. बाबांनी तो डाव्या हातात तोलला, म्यानात दोनदा टक्‌टक्‌ करून बघितला आणि थेट संत्र्याच्या रोपांकडे गेले. परत आले ते म्हणत, “मूठ बढिया झाली बाई, पण डोया भराले हे पातं लंबं पडते.” बरोबरच होतं. डोळा भरायला, म्हणजे कलम करायला, सालीत इवलीशी चीर द्यायची असते, दहा सेंटिमीटरचं पातं तिथं काय कामाचं? मोराला ६० मिलिमीटरचंही पातं मिळतं, कोरीवकामासाठीचं. ते मागवलंय. मूठ तीच ठेव, असं त्यांनी फोनवर दोनदा बजावलंय.