हरणाऱ्याचे संग्रहालय

माणूस स्मारके उभारतो ती बहुधा विजयाची. घोड्यावर स्वार झालेला सेनापती, हात उंचावून उभा असलेला पुढारी, देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी, हे सारे आपल्या परिचयाचे आहे. पराभवाचा पुतळा कोणी घडवीत नाही. म्हणूनच सदैव हरणाऱ्या एका मुलाची चित्रे काढण्यात उभे आयुष्य वेचलेल्या माणसाच्या नावाने संग्रहालय आहे, असे लेकीने सांगितले तेव्हा आम्हांस नवल वाटले. तिच्याकडे मुक्कामास असताना एक दिवस आम्ही उभयता ते पाहून आलो.

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सांता रोझा हे शहर आहे. ‘पीनट्स’ या व्यंगचित्रमालिकेचे जनक चार्ल्स शुल्झ यांचा उत्तरायुष्यातील दीर्घ काळ येथे गेला. चार्ली ब्राऊन हा गोल डोक्याचा मुलगा आणि स्नूपी हा त्याचा कल्पनेत रमणारा कुत्रा आपल्याकडील वाचकांनाही इंग्रजी वृत्तपत्रांतून ठाऊक आहेत. २ ऑक्टोबर १९५० रोजी अवघ्या सात वृत्तपत्रांतून ही मालिका सुरू झाली. पुढे ती पंचाहत्तर देशांत आणि दोन हजार सहाशे वृत्तपत्रांत पोहोचली. जवळजवळ पन्नास वर्षांत शुल्झ यांनी १७,८९७ चित्रमालिका काढल्या, त्याही मदतनीस न ठेवता. रेषा त्यांची, अक्षरही त्यांचे. वयाच्या पंचाहत्तरीला, १९९७ साली, पाच आठवड्यांची रजा घेतली तेवढीच.

शुल्झ यांचा जन्म १९२२ चा. वडील मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरात न्हाव्याचा व्यवसाय करीत. चार्ली ब्राऊनचे वडीलही न्हावीच आहेत. चित्रकलेचे शिक्षण टपालाने चालणाऱ्या अभ्यासक्रमातून झाले. १९४३ साली शुल्झ सैन्यात दाखल झाले त्याच सुमारास आई कर्करोगाने गेली. युद्धावरून परतल्यावर ज्या तरुणीवर जीव जडला, तिने नकार दिला. चित्रमालिकेतील लाल केसांची मुलगी ती हीच. चार्ली तिच्याशी बोलण्याचे धैर्य कधी गोळा करू शकला नाही आणि शुल्झ यांनी तिचा चेहरा वाचकांना कधी दाखविला नाही. चार्लीचा बेसबॉलचा संघ हरतो, त्याचा पतंग झाडात अडकतो, टपालपेटीत त्याच्या नावाचे पत्र नसते. तरीही दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मैदानावर हजर!

हे संग्रहालय १७ ऑगस्ट २००२ रोजी उघडले. ते पाहण्यास शुल्झ हयात नव्हते. १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री त्यांचे निधन झाले आणि त्यांनी वाचकांचा निरोप घेणारी रविवारची अखेरची चित्रमालिका दुसऱ्याच दिवशी सकाळी छापून आली. संग्रहालयाची कल्पना प्रथम पुढे आली तेव्हा त्यांना तीत फारसा रस नव्हता. आपले काम वर्तमानपत्राच्या पानावर, लोकांच्या न्याहरीच्या टेबलावर असावे, असाच त्यांचा स्वभाव.

आत शिरताच एक प्रचंड भित्तिचित्र दृष्टीस पडते. सतरा फूट उंच आणि बावीस फूट रुंद. लुसी नावाची मुलगी चेंडू जमिनीवर धरून बसली आहे आणि चार्ली तो लाथाडण्यासाठी धावत येत आहे. वाचकांना पुढचे ठाऊक असते. ऐन क्षणी लुसी चेंडू काढून घेणार आणि चार्ली पाठीवर आपटणार. वर्षानुवर्षे हेच घडले. जपानी कलावंत योशितेरू ओतानी यांनी हे चित्र घडविले आहे. जवळ जाऊन पाहिले तेव्हा ते रंगांचे नसून फरश्यांचे असल्याचे आमच्या ध्यानी आले. ३,५८८ फरश्या, आणि प्रत्येक फरशीवर एकेक चित्रमालिका! लांबून एकच पराभव दिसतो. जवळून हजारो दिवसांची नेमस्त मेहनत. आम्ही पुष्कळ वेळ तेथे उभे राहिलो.

माडीवर शुल्झ यांची कामाची खोली जशीच्या तशी मांडली आहे. वापराने झिजलेला चित्रफलक, पुस्तकांची कपाटे, साधी खुर्ची. बाहेर स्नूपीच्या डोक्याच्या आकाराची चक्रव्यूहासारखी पाऊलवाट आहे. मुले तीवरून धावत होती. शहरात रेल्वे स्थानकाजवळ चार्ली आणि स्नूपी यांची ब्राँझची शिल्पे आहेत आणि विमानतळालाही शुल्झ यांचे नाव आहे. त्यांच्या बालपणीच्या सेंट पॉल शहराने तर २००० साली स्नूपीचे एकशे एक पुतळे रस्तोरस्ती उभे केले. पुढच्या उन्हाळ्यांत चार्ली, लुसी व लायनस यांची पाळी आली. पुतळ्यांच्या लिलावातून चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि शहरात कायमची ब्राँझशिल्पे बसली. हे पुतळे उंच चौथऱ्यावर नाहीत. मुले त्यांच्या गळ्यात हात टाकून छायाचित्रे काढून घेतात.

या अंकाच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९६५ च्या नाताळासाठी दूरदर्शनवर चार्ली ब्राऊनचा कार्यक्रम तयार होत होता. त्यात लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळांचा उतारा वाचला जावा, असा शुल्झ यांचा आग्रह. करमणुकीत धर्मग्रंथ नको, असे निर्मात्यांना वाटत होते. शुल्झ ठाम राहिले. छोटा लायनस रंगमंचावर एकटा उभा राहून तो उतारा म्हणतो आणि म्हणता म्हणता, कधीही हातून न सुटणारी आपली चादर खाली सोडतो. येशूजन्माची वार्ता राजवाड्यात न जाता रानात जागणाऱ्या मेंढपाळांकडे प्रथम गेली. हरणाऱ्या मुलाच्या चित्रकाराला नेमका तोच उतारा हवासा वाटावा, यात आम्हांस संगती दिसते.

तथापि ज्या दालनाने आमचे चित्त वेधले, तेथे एक भिंत आहे. नुसती भिंत. १९५१ साली शुल्झ कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे राहत होते. लहान लेकीच्या खोलीची भिंत त्यांनी आपल्या हाताने चित्रांनी भरून टाकली. पुढे घर विकले गेले, भिंतीवर रंगाचे हात बसले आणि चित्रे दिसेनाशी झाली. नंतरच्या मालकांनी ते थर हळूहळू उतरविले, चित्रे वर आली, आणि पुढे ती अख्खी भिंत कापून येथे आणण्यात आली.

ती पाहताना सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. त्यांच्या मनात काय आले, हे विचारावे लागले नाही.

आमचा धाकटा भाऊ शालान्त परीक्षेत दोनदा नापास झाला. घरात त्याचे नाव निघाले की आवाज खाली येत. पण त्याच्या बोटांत काही होते. वसईच्या आमच्या जुन्या घरात मागच्या ओटीच्या भिंतीवर तो कोळशाने चित्रे काढी: रहाट, बावखलातल्या म्हशी, टोपली घेऊन निघालेली कोळीण, सायकलवरून घाईने चाललेले फादर. नाताळापूर्वी घराला चुना काढण्याची रीत; बाबा चुना काढीत आणि चित्रे नाहीशी होत. बाबांनी त्याला कधी रागे भरले नाही, कधी वाखाणलेही नाही. जानेवारी उजाडला की भिंत पुन्हा बोलू लागे. पुढे तो एका कारखान्यात कामाला लागला आणि चाळिशी गाठण्यापूर्वीच देवाघरी गेला. त्याचे एकही चित्र कागदावर नाही.

ते घर या पावसाळ्यानंतर पाडायचे आहे. भावंडांनी एकमताने ठरविले आहे आणि त्यात वावगे काही नाही. घर जीर्ण झाले आहे, मुले दूर आहेत. शिवाय घरही सारे काही राखू शकत नाही. ऑक्टोबर २०१७ च्या वणव्यात शुल्झ यांचे राहते घर जळून खाक झाले. वृद्ध पत्नी जिवानिशी वाचल्या. संग्रहालय मात्र बचावले. जे चार लोकांच्या स्वाधीन केले होते, ते राहिले.

आमचा भाऊ शुल्झ नव्हता, हे आम्ही जाणतो. त्याच्या भिंतीसाठी कोणी संग्रहालय बांधणार नाही. चुन्याखालचा कोळसा किती टिकला असेल, याचीही खात्री देववत नाही. परंतु आपल्या धर्मग्रामांत ज्यांना कधी बक्षीस मिळाले नाही, व्यासपीठावर ज्यांचे नाव पुकारले गेले नाही, अशांच्या हातचे काहीतरी प्रत्येक घरात असते. पाटीवरचे चित्र, वहीतली गाणी, मुलासाठी तासलेले लाकडी होडके. ते आपण अडगळ म्हणून काढून टाकतो, कारण ते हरलेल्यांचे असते.

भावंडांना आम्ही पत्र लिहिले आहे. ओटीची ती भिंत सर्वांत शेवटी पाडावी, आणि त्यापूर्वी आठ दिवस आम्हांस द्यावेत. चुन्याचे पापुद्रे आम्ही स्वतः, हातांनी, सावकाश काढणार आहोत. धाकट्या बहिणीचे उत्तर आले आहे: तीही येणार आहे.