अप्पर-डिपर

कुरुंदवाडच्या एका गृहस्थाची रात्रीच्या रस्त्याशी ओळख झाली ती सायकलच्या डायनामोमुळे. पायडल जोरात मारलं की उजेड लख्ख, चढाला दम लागला की दिवा मिणमिणता. समोरून बैलगाडी आली तर आखाला टांगलेला कंदील तेवढा हलताना दिसायचा. कुणाच्या उजेडानं कुणाचे डोळे दिपत नसत.

मग मोटारसायकल आली, त्यानंतर जुनी जीप. जीपच्या हॅलोजन बल्बात दोन तारा : अप्परची 60 वॅटची, डिपरची 55. डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. वर जाणारा उजेड ती अडवते. एवढी नेमकी रचना, पण मागं पोती लादली की गाडीचं नाक वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून ओझं पाहून दिव्याचा स्क्रू फिरवायचा, हे त्याला गॅरेजात कळलं. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 तर मापच देतात : 8 मीटरवर, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना झळ लागता कामा नये.

एप्रिल 2017 पासून नव्या दुचाक्यांचा दिवा दिवसाही जळता राहू लागला. सुरुवातीला नरसोबावाडीपर्यंत जाईतो चारजण पंजा उघडझाप करून खुणावायचे, ‘लाइट चालू हाय!’ दिवा आपल्याला दिसावं म्हणून असतो तसा आपण दिसावं म्हणूनही असतो, हे गावाला पटायला वेळ लागला.

आता डोकेदुखी पांढऱ्या एलईडीची. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरात स्वस्त एलईडी बसवला की उजेड विखुरतो. हिवाळ्यात नदीकाठच्या धुक्यात अप्पर लावणाऱ्याला तर समोर पांढरी भिंतच दिसते. तिथं डिपर आणि कमी वेग, दुसरा इलाज नाही.

खरा धोका मात्र उसाच्या हंगामात. शिरोळच्या रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. लोंबत्या वाढ्यांखाली मागचा लाल दिवा झाकून जातो. ताशी 60 किलोमीटरनं येणारा दुचाकीस्वार दोन सेकंदांत तेहेतीस मीटर पुढं गेलेला असतो, आणि समोरच्या अप्परनं दिपलेल्या डोळ्यांना सावरायला तेवढा वेळ लागतोच. पौर्णिमेला नरसोबावाडीला पायी निघालेली माणसंही त्याच रस्त्यावर असतात.

तेव्हा ट्रॉलीवाल्यांनो, साखर कारखान्याचा बॉयलर पेटण्याआधी मागं चमकत्या लाल पट्ट्या लावा, उसाच्या वर दिसतील अशा. आणि बाकीच्यांनी समोरचा दिवा दिसताच डिपर द्यावा. त्यानं आधी दिला नाही तरी.