झाकलेली दुरुस्ती

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा प्रथम संकोच वाटला. इमारत कशी उभी राहिली, विहिरीला पाणी कधी लागले, पहिल्या तुकडीत किती मुले होती, हे सारे माझ्याहून अधिकारी मंडळी लिहितीलच. मी कार्यशाळेचा शिक्षक. माझ्याजवळ सांगण्यासारखी आहे ती एका जुन्या मोटारसायकलची हकीकत आणि त्या निमित्ताने उघडी पडलेली माझी एक चूक.

वसतिगृहाला त्या काळी स्वतःचे वाहन नव्हते. भाजीपाला, औषधे, टपाल या सर्वांसाठी सायकल किंवा एस.टी. यांवर विसंबावे लागे. म्हणून 1996 साली शेजारच्या गावातून एक जुनी बुलेट विकत घेतली. 1974 सालची बनावट. 346 घनसेंटीमीटरचे इंजिन, ओतीव लोखंडाचे सिलिंडर, उजव्या पायाखाली गिअर. तिचा संथ, भारदस्त ठोका दूरवरून ऐकू आला की मुले फाटकाशी धावत. वरून ती चकचकीत होती. टाकीला नवा रंग होता. आत काय आहे, हे पाहण्याची तसदी मी घेतली नाही.

चार-पाच महिन्यांनी इंजिनाच्या तळातून एक बद्द आवाज येऊ लागला. चढावर तो वाढे. मी जाणकार असूनही ऑइलची पातळी पाहिली, थोडे ऑइल ओतले आणि परीक्षा संपल्या की बघू, असे स्वतःला सांगितले. त्याच पंधरवड्यात सातवीतल्या एका मुलाला रात्री विंचू चावला. त्याला मागे बसवून, त्याच्यामागे एका मोठ्या मुलाला आधाराला घेऊन मी तालुक्याच्या रुग्णालयाकडे निघालो. निम्म्या वाटेवर इंजिन एकाएकी जखडले, मागचे चाक रस्त्यावर फरफटले. क्लच वेळीच दाबला गेला म्हणून आम्ही पडलो नाही. त्या काळोख्या रस्त्यावर वेदनेने कण्हणाऱ्या मुलाला कुशीत धरून काढलेली वीस मिनिटे मी आजही विसरलेलो नाही. मागून एक मालमोटार आली, चालकाने आम्हाला घेतले, उपचार मिळाले आणि मुलगा बरा झाला. परंतु त्यात माझे काही कर्तृत्व नव्हते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी न जाणाऱ्या पाच मुलांना घेऊन मी ते इंजिन उघडले. या इंजिनाची रचना समजून घेण्यासारखी आहे. त्याचे ऑइल इंजिनाच्याच ओतकामातील एका कप्प्यात असते. एक पंप ते क्रँकपर्यंत पोचवतो, दुसरा खाली जमलेले ऑइल परत कप्प्यात आणतो. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाशी तरता बुश असतो. तो ऑइलच्या पातळ थरावरच जगतो. थर तुटला की धातूवर धातू घासतो. आमच्या इंजिनाचा रॉड वरखाली हलवून पाहिला, तर हाताला स्पष्ट ढिलाई लागत होती. बाजूला थोडा सरकणे स्वाभाविक असते. वरखाली मात्र तो मुळीच हलता कामा नये.

कारण शोधता शोधता आधीच्या मालकाच्या दुरुस्त्यांची रांगच बाहेर आली. टायमिंग कव्हरच्या पॅकिंगला इतके सिलिकॉन फासले होते की आतल्या बाजूला त्याच्या गाठी आल्या होत्या आणि त्यांतील तुकडे सुटून ऑइलच्या वाटेत अडकले होते. गाळणीच्या फेल्टच्या जागी घोंगडीचा तुकडा होता. प्लगचे आटे गेलेले, म्हणून प्लगला पत्र्याची पट्टी गुंडाळून तो ठोकून बसवला होता. नटांचे कोपरे पान्याऐवजी छिन्नीने झिजवलेले होते. सर्वांत वाईट होते ते तळाशी. ऑइल काढण्याच्या बोल्टाचे आटे गेल्यावर तो बोल्ट एम-सील लावून कायमचा चिकटवून टाकला होता! म्हणजे कित्येक वर्षे जुने ऑइल बाहेर पडलेच नव्हते. वरून नवे ओतले जात होते आणि तळाशी काळा गाळ साचत होता. बाहेरून मात्र एक थेंबही गळत नव्हता.

अशी एकेक वस्तू हाती आली की मी मुलांसमोर त्या मालकाची यथेच्छ टिंगल करी. ‘हे पाहा शहाणपण!’ म्हणून ती वस्तू सर्वांना दाखवी. मुले खळखळून हसत. आपण उत्तम शिकवत आहोत, अशी माझी समजूत होती.

सिलिंडरला नागपूरहून बोअरिंग करून आणले, अर्धा मिलीमीटर जास्त मापाचे पिस्टन घेतले, क्रँकला नवा बुश बसवून आणला. प्लगच्या जागी हेडमध्ये नव्या आट्यांचे तारेचे वेटोळे बसवले. तळाच्या बोल्टाचे छिद्र एक माप मोठे करून त्यात नवे आटे पाडले आणि लेथवर त्या मापाचा बोल्ट केला. जोडणीच्या दिवशी पिस्टनची पिन बसवून तिचे लॉक लावण्याचे काम मी नववीतल्या एका मुलाकडे सोपवले. त्याचा हात सर्वांत स्थिर होता. खाली क्रँककेसचे तोंड स्वच्छ फडक्याने बंद करायचे, हे मी सांगितले होते. सायंकाळपर्यंत सिलिंडर आणि हेड चढले. सकाळी किक मारायचे ठरले. रात्री मुलांना झोप येईना, इतका उत्साह होता.

साडेदहाच्या सुमारास माझ्या खोलीच्या दाराशी तो मुलगा उभा होता. बराच वेळ तो बोलेना. मग म्हणाला, “सर, एक लॉक आत पडलं. मी फडकं नीट लावलं नव्हतं. मग ट्रेमधलं जुनं लॉक लावून दिलं.”

मी क्षणभर गारठलो. ते लॉक आत राहून सकाळी इंजिन फिरले असते तर नवा क्रँक, नवा पिस्टन, कदाचित क्रँककेससुद्धा हातचा गेला असता. वापरलेले लॉक निसटून सिलिंडरची भिंत फाडण्याचा धोका निराळाच. मी रागाने विचारले, “तेव्हाच का सांगितलं नाहीस?”

तो खाली मान घालून म्हणाला, “तुम्ही त्या माणसाला हसता ना, सर. उद्या मलाही हसले असते सगळे.”

या उत्तरावर माझ्याजवळ बोलायला काही उरले नाही. त्याच्या हातून लॉक पडले होते. परंतु ते लपवावे, ही शिकवण माझी होती. मीही आवाज ऐकून पंधरा दिवस गप्प बसलो होतो, आणि मला तर कोणी हसणारेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा सारे उतरवले. का उतरवतो आहोत, हे त्या मुलाने स्वतः सांगितले. त्याआधी मी माझी पंधरा दिवसांची गोष्ट मुलांना सांगितली. कोणी हसले नाही. सळईच्या टोकाला लोहचुंबक बांधून, क्रँक किंचित किंचित फिरवत, दोन तासांनी ते इवलेसे पोलादी लॉक बाहेर आले. नवे लॉक आणि नवे पॅकिंग घालून जोडणी केली.

त्याच आठवड्यात आधीचा मालक गाडीचे राहिलेले कागद द्यायला आला. तो दुधाचा रतीब घालणारा शेतकरी होता. बाकावरचा चिकटलेला बोल्ट त्याने ओळखला. “माह्याच हातानं गेले ते आटे, सर,” तो म्हणाला. “त्या दिवशी रतीब चुकला असता तं सारं दूध नासलं असतं. मंग राहूनच गेलं.” ज्याला मी महिनाभर मूर्ख ठरवले, त्याच्यासमोर मान वर करणे मला कठीण झाले. अडचणीच्या वेळी केलेली तात्पुरती दुरुस्ती हा दोष नव्हे. ती तात्पुरती आहे, हे विसरले जाणे आणि पुढच्या माणसाला न कळणे, यात अनर्थ आहे.

इंजिन सुरू झाले. रॉकरच्या नळीचा जोड सैल करून ऑइल वर येते आहे, हे प्रत्येक मुलाने डोळ्यांनी पाहिले, मगच गाडी फाटकाबाहेर काढली. पहिले पाचशे किलोमीटर ती अगदी सावकाश चालवली.

तेव्हापासून कार्यशाळेत एक वही टांगलेली आहे. आपल्या हातून काय बिघडले, हे ज्याचे त्याने तीत लिहायचे. लिहिलेल्या चुकीला शिक्षा नाही आणि हसणे तर नाहीच. पहिल्या पानावर माझी नोंद आहे, दुसऱ्यावर त्या मुलाची. हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्याची परवानगी मागितली. नाव घालू नका, बाकी सारे लिहा, असे त्याने कळवले.

ती बुलेट आजही कार्यशाळेत आहे. तळाच्या बोल्टाशेजारी पत्र्याची एक छोटी पट्टी लावलेली आहे. तीवर त्या मुलाने अक्षरे ठोकली आहेत: ‘येथील आटे एक माप मोठे आहेत.’ पुढे कधीतरी जो कोणी हे इंजिन उघडील, त्याच्यासाठी.