गुणांची रुजवात

मनाची व्यथा घेऊन जो मनुष्य मानसोपचारतज्ज्ञाकडे येतो, तो बहुधा स्वतःविरुद्धची एक फिर्यादच घेऊन आलेला असतो. आणि तिच्या पुष्ट्यर्थ अपयशांचा, अपमानांचा व हातून निसटलेल्या संधींचा जो तपशील तो सादर करतो, तो इतका बिनतोड वाटतो की, ऐकणाऱ्याच्या मनातही क्षणभर एकतर्फी निकालाचा मोह उत्पन्न व्हावा. या कैफियतीत ज्याची नोंदच झालेली नाही असा अनुकूल पुरावा हुडकणे आणि तो खुद्द त्या माणसाच्याच मुखातून वदवून घेणे, हे मी माझ्या व्यवसायाचे अर्धे कर्तव्य समजतो. व्याधीचे निदान व निवारण हे उरलेले अर्धे होय, आणि त्याची थोरवी मी तिळमात्र कमी लेखत नाही.

पहिल्या अर्ध्याकडे आमच्या शास्त्राचे लक्ष फार उशिरा गेले. मनोविकारांची वर्गवारी करणारी अमेरिकन नियमावली १९५२ साली प्रसिद्ध झाली. माणसाच्या गुणांची तितक्याच पद्धतशीरपणे वर्गवारी करणारा ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिग्मन यांचा ग्रंथ निघायला मात्र २००४ साल उजाडले. जिज्ञासा, चिकाटी, न्यायबुद्धी, कृतज्ञता, विनोदबुद्धी असे २४ गुण त्यांनी सहा सद्गुणांच्या आश्रयाने मांडले. तत्पूर्वीच कॅन्सस विद्यापीठातील समाजकार्याचे अध्यापक डेनिस सॅलीबी यांनी, साहाय्यार्थी माणसाकडे त्याच्या सामर्थ्याच्या बाजूने पाहावे, असा आग्रह धरला होता. आणि मिलवॉकी येथे स्टीव्ह डी शेझर व इन्सू किम बर्ग हे दांपत्य अडचणीच्या वर्णनात न रमता, ती अडचण ज्या प्रसंगी यायला हवी होती पण आली नाही, त्या प्रसंगाची कसून चौकशी करीत असे.

गुण दाखवून देणे म्हणजे स्तुती करणे, असा एक समज रूढ आहे. तो उपचाराला घातक आहे. खिन्न मनाची स्मृती दुःखाच्याच आठवणी तत्परतेने हजर करते. आणि आरन बेक यांनी दाखवल्याप्रमाणे नैराश्यग्रस्त मनुष्य प्रतिकूल तेवढे वेचून घेतो व स्वतःच्या यशाला क्षुल्लक लेखतो. अशा माणसाला ‘तुम्ही फार खंबीर आहात’ असे सांगितले, तर आपले दुःख यांना कळलेच नाही, एवढाच निष्कर्ष तो काढतो. म्हणून गुणाची रुजवात घडलेल्या प्रसंगाशीच घालावी लागते: कोणत्या दिवशी, कुणासमोर, नेमके काय केले, हे विचारावे लागते.

माझ्याकडे आलेल्या एका गृहिणीची हकीकत, ओळखीच्या सर्व खुणा बदलून, येथे नमूद करतो. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची शुश्रूषा त्या एकट्याने करीत होत्या. झोप उडाली होती, अन्नावरची वासना गेली होती, आणि ‘डॉक्टर, माझ्याच्यानं काही म्हणजे काही होत नाही’ हे त्यांचे पालुपद होते. दिनक्रमाची चौकशी करताना, गल्लीतल्या बायकांची भिशी त्या कित्येक वर्षे चालवीत असल्याचे ओघात निघाले. “कुणी हप्ता चुकवला तर काय करता?” मी विचारले. “दुपारीच तिच्या दारात जाते. आवाज चढवत नाही, पण पैसे घेतल्याशिवाय उठतही नाही.” “आणि आधी मला द्या म्हणून कुणी हट्ट धरला तर?” “चिठ्ठी निघेल तसाच नंबर. माझ्या सख्ख्या जावेलासुद्धा मी हेच सांगितलंय.” यावर मी काहीही न बोलता, ज्या बाईच्या हातून असे वर्षानुवर्षे निभावते, तिच्याविषयी तुम्ही काय म्हणाल, एवढेच विचारले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “हिशेबाला पक्की आहे, आणि कुणाला भीत नाही.” हे शब्द मी सुचवले असते, तर ते त्यांनी नाकारले असते.

परंतु गुण ओळखणे हा मार्गाचा प्रारंभ होय. सेलिग्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, ज्यांनी आपले प्रमुख गुण केवळ ओळखले त्यांना झालेला लाभ अल्पकाळात ओसरला. ज्यांनी आठवडाभर रोज त्यांतील एक गुण नव्या प्रकारे वापरला, त्यांचा लाभ सहा महिन्यांनंतरही आढळला. त्या बाईंच्या बाबतीत आम्ही हेच केले. भिशीतील पाळीचा नियम शुश्रूषेला लावायचा ठरला. वहीत दोन्ही दिरांची व नणंदेची नावे लिहिली गेली, आणि हप्ता मागण्याच्या त्याच शांत ठामपणाने त्यांनी प्रत्येकाकडे आठवड्यातील एकेक दिवस मागितला. एका दिराने दिवसाऐवजी रात्रीच्या आयाचा पगार देऊ केला. नणंदबाई प्रथम रुसल्या, मग येऊ लागल्या. औषधे चालूच होती. परंतु औषधाने आलेली उभारी कुठे खर्च करावी, हे आता त्यांना उमगले होते.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात हे तत्त्व मला अधिकच उज्ज्वल रूपात दिसते. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये, व्यसनातून बाहेर पडलेली माणसे कार्यकर्ते होऊन नव्याने दाखल होणाऱ्यांना आधार देतात. ज्या पूर्वायुष्याची लाज वाटावी, तेच तेथे अधिकाराचे कारण ठरते.

तथापि या पद्धतीला मर्यादा आहेत, आणि त्या न पाळणारा उपचारक अपाय करतो. आत्महत्येचे विचार, भ्रम वा तीव्र नैराश्य असता वैद्यकीय उपचारास पर्याय नाही. गुणही प्रमाण सोडून वाढला की त्रासदायक होतो. दक्षता शंकेखोर होते, औदार्य घर धुऊन नेते. सर्वांत मोठे भय सोशिकतेचे. घरात मार खाणाऱ्या स्त्रीच्या सहनशक्तीचा गौरव करणे म्हणजे मारणाऱ्याला मूक संमती देणे होय. तिच्या ठायी शोधायचे ते धैर्य मदत मागण्याचे आणि सुरक्षित स्थळी जाण्याचे.

वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी वा शेजारी, स्वतःवरचा विश्वास गमावलेले एखादे माणूस असेलच. त्याला धीर देण्याच्या सदिच्छेने आपण त्याच्या हिमतीचे दाखले देऊ लागतो, आणि ते अधिकच मिटून जाते. त्याऐवजी, त्याने निभावून नेलेल्या एखाद्या कठीण प्रसंगाविषयी ‘तेव्हा तू नेमके काय केलेस?’ असे विचारावे, उत्तर मध्येच न तोडता ऐकावे, आणि त्यातील गुणाला नाव देण्याचा हक्क त्याच्याकडेच राहू द्यावा. एवढे करायला कोणत्याही पदवीची आवश्यकता नाही, आणि या उपचाराचा आरंभ घराघरांतून व्हावा, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे.